आतली गोलाई

रुफोचा हात टेबलाखाली गेला आणि बटण दाबून परतही आला. "बटण जरा आडबाजूला आहे, थांबा, दाखवते," असं दुकानदार उयबाई म्हणेपर्यंत यंत्र घुमायला लागलं होतं.

फिलानं ते पाहिलं, पण त्या क्षणी तिचं सगळं लक्ष यंत्रात गुंतलं होतं. लोखंडी टेबलाच्या मधोमध उभा रबरी दांडा होता आणि त्यावर पॉलिश पेपरची नळी चढवलेली. नळी नुसती फिरत नव्हती, फिरता फिरता वर-खालीही होत होती. फिलानं पिशवीतून फणसाच्या लाकडाचा तुकडा काढला. युकुलेलेची, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारीची, अर्धी कोरलेली कंबर होती ती, घरून मुद्दाम आणलेली. तिनं ती नळीला टेकवली आणि पिवळा भुसा भुरभुर उडाला. हात मागे घेऊन तिनं अंगठा फिरवून पाहिला. ज्या गोलाईला घासता घासता तिची अख्खी सकाळ जायची, ती उयबाईंचं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुळतुळीत झाली होती.

"याला स्पिंडल सँडर म्हणतात," उयबाई म्हणाल्या. "सेबूतले सगळे फर्निचरवाले हल्ली हेच नेतात. मनगट दाखवा बघू तुमचं. अगंबाई! हे किती सुजलंय!"

फिलानं मनगट पदराआड घ्यावं तसं बाहीत ओढून घेतलं.

"मी म्हणत होतो ना, कशाला हवंय," रुफो म्हणाला. "हाताची सर यंत्राला येत नाही. आणि घ्यायचंच तर ते कोपऱ्यातलं घे. निम्म्यात मिळतंय."

कोपऱ्यातलं यंत्र पत्र्याचं होतं. त्याची नळी एका जागी फिरायची, वर-खाली होत नव्हती. फिलानं त्यावरही तुकडा धरून पाहिला. लाकडावर आडव्या रेघा उमटल्या आणि जळका वास आला. तिसरं एक यंत्र होतं, बिडाचं, दोन माणसांनाही उचलणार नाही असं. त्याच्याकडे तिनं नुसतंच पाहिलं, देवळातल्या सोन्याच्या मुकुटाकडे पाहतात तसं.

"रुफो, तूच सांग. खरं सांग. तुला कुठलं बरं वाटतं?"

 लाकडाशी खोटं बोलता येत नसल्यासारखा तो आधी पाहिलेल्या, मधल्या यंत्राकडे वळला.

"हे. पत्र्याचं घेतलंस तर रडशील. याची नळी खालून झिजली की उलटी करून घालायची, म्हणजे दुप्पट चालते. फणसाला बारीक पेपर आधी लावू नकोस, चीक धरतो. जाड्यानं सुरू कर. आणि तुकडा असा धरायचा." त्यानं चारही बोटं आत दुमडली आणि तळव्याच्या उंचवट्यानं लाकूड पुढे रेटलं. "बोटं बाहेर राहिली की नखं जातात."

त्याच्या उजव्या तर्जनीचं नख अर्धं होतं. महिन्याभरापूर्वी तो म्हणाला होता, बंदरावर खोकं पडलं.

उयबाई कौतुकानं हसल्या. "तुमचा भाऊ तर पक्का कारागीर दिसतोय हो! कुठे काम करता?"

"घरीच," फिला म्हणाली. "आमचं घरचंच काम आहे."

रुफोनं यंत्र बंद केलं. त्याचा हात पुन्हा न पाहता टेबलाखाली गेला आणि या वेळी त्याचा अर्थ तिच्या मनात शिरला.

यंत्र तिनंच घेतलं, मधलं. खोकं उचलून दोघं पुलाकडे जाणाऱ्या जीपच्या थांब्यापर्यंत आली. शेजारच्या टपरीवर त्यानं डुकराचं भाजलेलं मांस आणि माडाच्या पातीत विणून शिजवलेले भाताचे पुडे घेतले. ती खोक्यावर बसली.

"कुणाच्या कारखान्यात चालवतोस हे?"

"काय?"

"हे यंत्र. तुझा हात ते ओळखतो."

रुफोनं पुडा सुरीनं चिरला, भात पसरला, पण खाल्ला नाही. 

"सेवेरिनो मालकाच्या," तो म्हणाला.

त्यांच्या आबुनो गावात गिटारींचे कारखाने पुष्कळ, पण नाव घ्यायचं नाही असा कारखाना त्यांच्या घरात एकच होता. बाबांचा अंगठा तिथल्या करवतीनं नेला होता. रक्त थांबायच्या आत मालक बाबांचं नाव घेऊन चारचौघांत म्हणाला होता, इस्को पिऊन आला होता. बाबा आयुष्यात ताडीला शिवले नव्हते. त्या दिवशी तिघांनी तिथलं काम सोडलं. घरामागे पत्रा टाकला आणि फणसाच्या ठोकळ्यातून युकुलेले कोरायला सुरुवात केली. बाबांनी लाकूड निवडायचं आणि तारा चढवायच्या, रुफोनं कोरायचं, फिलानं घासायचं. तिनं आणखीही एक गोष्ट सोडली होती. मालकाचा पुतण्या आर्नुल्फो यानं तिला मागणी घालून अंगठी दिली होती. भला माणूस होता. काकाच्या तोंडावर 'तुम्ही खोटं बोललात' म्हणाला होता. तरी त्या घरात सून म्हणून जायचं कसं? तिनं अंगठी परत केली. तो दोन वर्षं थांबला. दर रविवारी चर्चच्या पायरीवर उभा असायचा, बोलायचा नाही, नुसती टोपी काढायचा. मग त्यानं दुसरीकडे लग्न केलं.

"बंदरावर माल पोचवायला जातो म्हणायचास."

"अर्धा दिवस जातो की. अर्धा दिवस तिथं." रुफोनं मान वर केली. "ताई, तिथं पंखे आहेत. भुसा ओढून घ्यायला नळ्या आहेत. संध्याकाळी नाक शिंकरलं तर पिवळं निघत नाही."

"आणि मी घरी हातानं घासत होते. तुला माहीत होतं, असं यंत्र असतं."

"म्हणूनच तर म्हणत होतो, नको घेऊस. मला ते कसं माहीत, असं तू विचारशील म्हणून." त्याला स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं. त्यानं तोंड फिरवलं.

"तिथं काय बनवतोस?"

रुफोनं सुरी पातीला पुसली.

"रुफो. बाबांच्या साच्यानं बनवतोस?"

बाबांच्या युकुलेलेची कंबर इतरांपेक्षा बारीक होती. कुशीत धरली की लेकरू बिलगावं तशी बसायची. तो साचा त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दाखवला नव्हता.

"तू चोरलास?"

"चोरला नाही." तो उठला, खोक्याची एक बाजू धरली. "बाबांना विचार."

जीपमध्ये दोघं समोरासमोर बसली. पायात खोकं होतं. कुणी तरी भाडं पुढे सरकवायला दिलं, ते तिनं पुढे दिलं. पुलावर वारा आला तेव्हा शेजारच्या बाईनं तिला विचारलं, बरं वाटत नाही का. तिनं मान हलवली, ती 'हो' होती की 'नाही' ते तिलाही सांगता आलं नसतं.

घरी बाबा पत्र्याखाली बाकावर बसून तारा पिळत होते. चार बोटांच्या हातानं वाद्य धरायचं, दुसऱ्या हातानं खुंटी फिरवायची. खोकं पाहून ते लहान मुलासारखे खुलले.

"आणलंत? बघू, बघू! वीज फार खात नाही ना?"

फिलानं खोकं फोडलं, यंत्र बाकाच्या टोकाला ठेवलं, रबरी दांड्यावर नळी चढवली आणि मगच बोलली.

"बाबा, साचा तुम्ही दिलात?"

त्यांनी रुफोकडे पाहिलं. रुफो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, खाली बघत.

"दिला," बाबा म्हणाले. "त्यानं रुफोला मुकादम करतो म्हणून सांगितलं. घरात एक पक्की नोकरी नको? किती दिवस चालणार हे पत्र्याखालचं?"

"त्यानं तुम्हांला दारुडा म्हटलं होतं."

"त्याची माफी मागितली त्यानं. इथं आला होता, स्वतः. या बाकावर बसला होता. म्हातारा झालाय तोही. रडला." बाबांनी तार बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "माणूस घरी येऊन रडल्यावर काय करायचं, पोरी?"

"मी कुठे होते?"

"बाजारात असशील."

फिला फळीवर रचलेल्या न घासलेल्या युकुलेलेंकडे बघत होती. मग तिनं हलकेच विचारलं, तारांच्या भावाची चौकशी करावी तसं.

"केव्हा आला होता?"

 रुफो दारातून म्हणाला, "झाली की आता पुष्कळ वर्षं. जाऊ दे ना ताई."

"केव्हा, बाबा? आर्नुल्फोच्या लग्नाआधी की नंतर?"

परसात कोंबडी ओरडत होती. बाबांनी वाद्य मांडीवरून उतरवून बाकावर ठेवलं.

"आधी," ते म्हणाले.

"किती आधी?"

"तो थांबला होता तेव्हा."

तिनं जवळचं युकुलेले उचललं, नीट धरलं, पुन्हा जागच्या जागी ठेवलं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

बाबांना पुष्कळ सांगायचं असावं.  शेवटी जे आलं ते साधंच होतं, आणि त्यांनी ते तिच्या तोंडाकडे न बघता सांगितलं.

"तू गेली असतीस."

रुफो एक पाऊल आत आला आणि तिथंच थांबला. फिलानं यंत्राच्या टेबलाखाली हात घालून बटण शोधलं. तिला ते चटकन सापडलं नाही. यंत्र घुमायला लागल्यावर तिनं तेच युकुलेले पुन्हा उचलून त्याची कंबर नळीला टेकवली, एक बाजू, मग दुसरी. भुसा तिच्या हातांवर, कपाळावर, पापण्यांवर बसला. वाद्य घासून झाल्यावर तिनं ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी अंगठा नसलेल्या हातानं गोलाई चाचपली.

"वा!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"सोपं आहे," ती म्हणाली. "बोटं आत दुमडायची. आधी जाडा पेपर, मग बारीक. खालून झिजली की नळी उलटी घालायची. रुफोला येतंच, तो शिकवेल तुम्हांला."

"मला कशाला? तू आहेस की."

ती नळाकडे गेली. कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, केस सोडून पुन्हा बांधले. आत जाऊन पिशवी घेऊन आली. पिशवी मोठी नव्हती, पण बाजाराचीही नव्हती.

"कुठे निघालीस?" बाबा उभे राहिले. "फिला?"

"तालिसायला. मावशीकडे."

"आता? बरं, ये जाऊन. उद्या येशील ना? शाळेचा माल द्यायचाय."

ती दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होती. रुफोनं बाजूला सरून वाट दिली.

"भात चुलीवर आहे," ती म्हणाली. "थोड्या वेळानं उतरवा, नाही तर लागेल."