गेनर टीव्हीवर काय बोलली

इंग्लंडातल्या आमच्या नेल्सन गावच्या कापडगिरणीत मागांचा खडखडाट इतका की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून आम्ही विणकरणी ओठांनी बोलायचो, आवाज न काढता. घरी आल्यावरही सवय सुटायची नाही, त्यामुळे माझी गेनर ही भाषा पाळण्यातच शिकली.

मोठी होऊन ती चपलांच्या दुकानात लागली आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कॉलिनबरोबर गाऊ लागली. कॉलिननं जुने सुटे भाग जोडून वाजवायचं एक यंत्र बनवलं होतं. ते ठेवायला जागा मिळाली त्याच्या बापाच्या कबुतरखान्यात. बाप अर्नेस्ट कुरकुरायचा, "काय ते भुतासारखं ऊं ऊं! माझी कबुतरं परत यायला घाबरतात."

"मग त्यांना तिकीट लावा, काका," गेनर म्हणायची.

ब्याऐंशी साली त्यांची पहिली तबकडी निघाली. उन्हाळाभर कुणी विचारलं नाही. मग रेडिओवर एक गाणं वाजलं, लोकांनी ते पुन्हा मागितलं, आणि तबकडी खपाच्या यादीत आठवड्यागणिक वर सरकू लागली. शेवटी लंडनहून टीव्हीचं बोलावणं आलं.

त्या संध्याकाळी गिरणीतल्या एडिथकडे आम्ही सगळ्या विणकरणी जमलो, कारण रंगीत टीव्ही तिच्याकडेच होता. अर्नेस्ट दाराशीच उभा. म्हणे, "मी काही बघायला आलेलो नाही."

लाल कोट घालून गेनर पडद्यावर आली. गाणं मधेच थांबून नुसतं कॉलिनचं वाजवणं सुरू झालं. गेनरनं माईक खाली घेतला, थेट आमच्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले.

"शब्द विसरली पोरगी," अर्नेस्ट हळहळला.

तोवर आम्ही सगळ्या किंचाळत उठलो होतो. एडिथच्या मांडीवरची चहाची बशी गालिच्यावर.

"अहो, झालं काय?"

"ती म्हणाली, 'आई, आपण पहिल्या नंबरावर! उद्यापर्यंत कुणाला सांगू नकोस!'"

आता ही गोष्ट विणकरणींना सांगायची आणि वर 'कुणाला सांगू नकोस' म्हणायचं! चहा पुसून होईपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं. अर्नेस्ट तर रस्त्यात दिसेल त्याला थांबवून सांगत होता, "आमच्या कॉलिनचं यंत्र, बरं का."

सकाळी तबकडीच्या कंपनीचा माणूस फोनवर माझ्यावर तडकला. "जाहीर व्हायच्या आधी ही बातमी फोडली कुणी?"

"गेनरनंच. काल टीव्हीवर, सगळ्या देशासमोर," मी म्हटलं.

शनिवारी दोघं गावी आली. स्टेशनावर बँड होता, मेयरसाहेब गळ्यात पदाची मानाची साखळी घालून भाषणाला उभे होते. गेनर मला बिलगली आणि कानात म्हणाली, "आई, भूक लागलीय गं. लंडनचे मासे नुसते पिठाचे गोळे."

मग काय, भाषण तसंच राहिलं. सगळी वरात आधी मासे तळणाऱ्याच्या दुकानात. मालकानं दोघांच्या पुड्यांवर हात सैल सोडून व्हिनेगर ओतलं. बँडवाले बाहेर वाजवत होते, मेयरसाहेब साखळी सावरत रांगेत उभे होते, आणि अर्नेस्टनं माझा हात धरून मला भर रस्त्यात नाचवलं. गुडघे दुखत होते, पण थांबायचं मनात आलं नाही.