कोरडे भुरके

रुपयाला रुपया का म्हनत्यात, हे मला कुनी शिकवू नये. माझा बाप, आसाराम, त्यानंच सांगितलं हुतं. रुपं म्हंजी चांदी, चांदीचा म्हनून रुपया. त्याच्याकडं लग्नातला एक रानीछाप रुपया हुता, त्यो उंबऱ्यावर वाजवून दाखवायचा. म्हनायचा, "आईक छबू, खऱ्याला आवाज आस्तो." नोट काय त्यानं कधी वाजवून बघितली न्हाई.

पन ज्या घरात मला दिली, तिथं रुपयाला रुपया म्हनतच न्हवते. माझा नवरा जनावरांच्या बाजारातला दलाल. नाव सरळ घेती, सूर्यभान. आता कुनाची भीड ठिवायची राह्यलीय. ह्या दलालांची आपापसातली चोरटी बोली आस्ती. शेतकरी बैलाचा कासरा धरून म्होरं हुबा, आन ह्यांचं त्याच्या तोंडावर चाललंय. पाचाला म्हनायचं मुळू, रुपयाला म्हनायचं भुरका. त्या बिचाऱ्याला वाटावं, काय तरी घरचं-दारचं बोलत्यात.

बाजाराच्या कडंला माझं च्याचं पाल हुतं. दलाल, यापारी समदे तिथंच टेकायचे. बाईमानसाला काय कळतंय, म्हनून माझ्याम्होरं मोकळं बोलायचे. अरं बाबांनो, बाईला कान न्हाईत व्हय? च्या गाळता गाळता समदी बोली मला आली. नवऱ्यालाबी ह्याचा पत्ता न्हवता. त्यानं कधी इचारलंबी न्हाई, बायकोला काय येतंय म्हनून.

भुरका ह्यो सबूद आला कुठनं, ह्याच्यावर एकदा पालात चांगलीच जुंपली. एक म्हातारा दलाल म्हनला, जुना चांदीचा रुपया मळला की राखंवानी भुरका दिसायचा, तेच नाव पडलं. दुसरा म्हनला, आज्या-पंज्यांपासनं चालत आलाय, त्याला अर्थबिर्थ काय नस्तो. मी बशीत च्या वतीत हुते. बघितलं तर समदे बशी तोंडाला लावून भुर्र भुर्र करत हुते. मनात म्हनलं, अर्थ कशाला हुडकता मेल्यांनो. दुसऱ्याच्या ताटातलं भुरकायचं, त्यो भुरका.

आन त्या भुरक्यातबी दोन जाती. बैल घेनारा शेतकरी आसला, बैल औताला चालला, तर त्याच्या पैशाला वले भुरके म्हनायचे. खाटकाचा पैसा आसला तर कोरडे भुरके. नोटा त्याच. पन जनावर कुठं चाललंय ते नावावरनं कळायचं. दलाल भाव खोटा सांगल, दात खोटे सांगल, पन ह्यात कधी खोटं करायचा न्हाई. चोरांचाबी धरम आस्तो.

मंग बहात्तर साल आलं. आमच्या कर्जतच्या अंगाला आधीच पाऊस पाव्हन्यावानी येतो, त्या साली त्योबी आला न्हाई. पोळ्याला बैल धुवायला पानी न्हवतं. बाया वल्या फडक्यानं बैलाचं तोंड पुसून निवद दाखवत हुत्या. मानसं रस्त्याच्या कामावर जाऊन खडी फोडायला लागली. बैलाला काय खडी खाता येत न्हाई. छावनीत जागा न्हाई, कडब्याची पेंढी सोन्याच्या भावानं. जो उठला त्यो दावं धरून बाजाराकडं.

दिवाळी झाली आन एका बाजारी माझा बाप पालाम्होरं येऊन हुबा राह्यला. मागं हरन्या आन बाशिंग्या. ही जोडी मी वासरं आसल्यापासनं बघितल्याली. त्यांच्या अंगावर निसती हाडं. बाशिंग्यानं मला वळखलं, हात चाटला. जीभ खरखरीत, कोरडी ठाक. मी घागरीतलं पानी परातीत वतलं, च्या बुडाला तर बुडाला.

आबानं टोपी काढून घाम पुसला आन जावयाला म्हनला, "सूर्यभानराव, भाव पडला तर पडू द्या. माझं एकच म्हननं हाय. औताला जाऊ द्या. पाटाखालचा कुनी बघा, श्रीरामपूरकडं पानी हाय म्हनत्यात. सुरीखाली नको."

"मामा, तुमी निवांत च्या घ्या," नवरा म्हनला. "तुमचे बैल ते माझे बैल."

आबा पालात टेकला. म्होरं चार पावलांवर एक यापारी आला. नवऱ्यानं खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातावर टाकला आन खाली बोटं दाबून भाव सुरू झाला. नवरा मोठ्यानं म्हनला, "पाव्हनं पाटाखालचं हायेत मामा. दोन विहिरी, मोठी बागायत." आबानं मान हालवली. मंग नवरा तोंड फिरवून यापाऱ्याला हळूच म्हनला, "कोरडेच भुरके हायेत ना? आजच हालवा."

मी हातातली किटली खाली ठिवली. माझ्या बापानं पदर पसरल्यावानी एक गोष्ट मागितली, आन ह्या भाड्यानं तीच इकली. सासऱ्याचं लेकरावानी वाढवलेलं धन. मला तव्हा दुसरं काय सुचलं न्हाई. उद्या घरात काय हुईल, ते उद्याचं उद्या.

मी जाऊन रुमाल वढला. दोघांचे हात उघडे पडले.

"आबा, कासरा सोडू नगा," मी म्हनलं. "ह्यो पाटाखालचा न्हाई. कोरडे भुरके म्हंजी खाटकाचा पैसा. तुमचे बैल कापाया चाललेत."

दलाल माझ्याकडं बघाया लागले, जसं काय भितीतनं कुनी बोललं. नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं. आन माझा बाप? मला वाटलं, जावयाच्या तोंडात मारल. त्यो जावयाकडं बघंना. माझ्याकडं बघत हुता. लई वेळ बघितलं, मंग उठला, कासरा धरला आन बैलं घेऊन आला तसा गेला. च्या तसाच राह्यला बशीत.

मला वाटलं, बापाला धक्का बसलाय. मी जिकले हुते ना, मला दुसरं काय वाटनार.

घरी मार खाल्ला त्याचं काय सांगायचं, त्यो समद्यांच्याच घरी आस्तो. दलालांनी त्याच दिवशी बोली बदलली. शंभर वरसांचा सबूद म्हनत हुते, एका सांजंत टाकून दिला. म्होरच्या बाजारी पालात बसून नव्या सबदानं त्यांचा यवहार सुरूबी झाला. बाजाराचं वाकडं झालं न्हाई कुठं.

पंधरा-इस दिवसांनी जीव राहिना म्हनून माह्यारी गेले. गोठ्यात दोन्ही खुंटं मोकळे. दावी तेवढी भितीला टांगलेली. इकलेल्या बैलाचं दावं आपुन देत न्हाई, दाव्याबरुबर लक्ष्मी जाती म्हनून. तव्हाच कळलं, की बैल इकलेत.

आबा वसरीवर बसला हुता. मी इचारलं, "कुनाला दिली जोडी?"

"त्यालाच," आबा म्हनला. "त्याच यापाऱ्याला. दुसऱ्या बाजारात जाऊन. निम्म्या भावानं."

"आवो पन तुमीच म्हनला हुता, सुरीखाली नको म्हनून."

आबा म्हनला, "छबू, तुला काय वाटतं, मला ठावं न्हवतं? ह्या दुष्काळात हाडाची जोडी औताला कोन घेतंय? पाटाखालची मानसं काय येडी हायेत? मी चाळीस वरसं बाजार केलाय. म्हनून तर जावयाकडं आलो हुतो. त्यानं माझ्याम्होरं तसं बोलून दिलं आसतं, मी तसं ऐकून घेतलं आसतं. मरस्तवर म्हनलो आसतो, माझे बैल पाटाखाली हायेत, हिरवं खात्यात."

मी वसरीच्या कडंला टेकले.

"तू तेवढं ठिवलं न्हाईस," आबा म्हनला. "मंग मलाच जावं लागलं. पुन्यांदा बोभाटा नको म्हनून यापाऱ्यानं आधीच इचारलं, बैल कशासाठी देतोस? माझ्या तोंडानं सांगितलं मी, कापायला. हरन्या शेजारीच हुबा हुता."

त्यानं हे रागानं म्हनलं न्हाई. रागावला आसता तर बरं झालं आसतं. मला भाकर खायला घातली, येशीपतूर सोडाया आला. पन त्यो रानीछाप रुपया त्यानं परत कधी वाजवला न्हाई, आन मीबी वाजवा म्हनलं न्हाई.

पाल माझं अजून हाय. दलाल येत्यात, च्या पेत्यात, माझ्याकडं बघून आवाज बारीक करत्यात. रुपयाला ते आता काय म्हनत्यात, मला ठावं न्हाई. ते बोलाया लागले की मी राख घेती आन पातेलं जोरात घासाया लागती.