पाहुण्यांची वेळ

राजधानीहून आलेला तो इसाउरो बूट न पुसता थेट बैठकीत आला, तेव्हाच योकास्ताच्या कपाळावर आठी चढली. ती फरशी तिने स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. गवंड्याने उतार चुकवला म्हणून अर्धी उखडायला लावली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसून एकेक तुकडा तपासला. बानी गावच्या उन्हात चार वर्षं तिने या घरापायी काढली. पैसे भावाचे, रादामेसचे, आणि तो बॉस्टनला. बाकी घाम, भांडणं, ठेकेदाराच्या थापा, सगळं हिच्या वाट्याला.

आणि आज या घराला अक्कल बसवायची होती. दिवे, पंखे, कुलपं सगळं फोनवर चालवणारी यंत्रणा, ती कुठली घ्यायची ते ठरवायला हा इसाउरो तीन खोकी घेऊन आला होता. टेबलावर कॉफीच्या थर्मासला टेकवून फोन उभा केला होता. त्यात रादामेस, टोपी घालून, गाडीत बसून पाव खात होता.

"आशीर्वाद दे, आई."

"देव तुझं भलं करो, बाळा," दोन्या निन्फा म्हणाली. एकोणऐंशी वर्षांची म्हातारी खिडकीशी बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. "हे काय जेवण झालं? पाव?"

"सुट्टी अर्ध्या तासाची आहे, आई. इसाउरो, दाखवा."

इसाउरोने दाखवलं. पहिल्या खोक्यात नुसते दिवे. दुसऱ्यात दिवे, पंखे, टाकी भरली की आपोआप बंद होणारा पंप आणि वीज गेली की सगळं तोलून धरणारी बॅटरी. तिसऱ्यात हे सगळं, शिवाय दारांना फोनवर उघडणारी कुलपं आणि खोलीखोलीत कॅमेरा.

"दुसरी घे," योकास्ता म्हणाली. "दिवसातून तीनदा वीज जाते. पंप कोणी बंद करत नाही, मागचं अंगण तळं होतं. आपल्याला तेवढंच हवंय."

"तिसरी," रादामेस म्हणाला.

"रादा, कुलूप फोनवर कशाला? दिवसभर दार उघडंच असतं आपलं."

"तेच तर बंद करायचंय."

इसाउरोचा चेहरा खुलला. त्याने लगेच हातातली टॅब्लेटची पाटी पुढे घेतली आणि माहिती भरायला लागला. आधी मालक. मालक एकच असतो, तो म्हणाला. कुलपं, कॅमेरे, सगळं त्याच्या ताब्यात. इतरांना तो परवानगी देतो.

"मालक मी," रादामेस म्हणाला.

"बरोबर. आणि बाकी मंडळी पाहुणे म्हणून. दोन्या निन्फा, आणि या ताई... योकास्ता. पाहुण्यांची वेळ काय ठेवू, साहेब?"

"सकाळी सहा ते रात्री दहा," रादामेस पाव चावत म्हणाला.

योकास्ताला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तळपायाची आग मस्तकाला गेली.

"दहानंतर मी कुठे झोपायचं?" तिने विचारलं. "अंगणात?"

"अगं, तुझ्यासाठी नाही म्हणालो. पाहुण्यांसाठी म्हणालो."

"पाहुण्यांत मीच आहे. आत्ताच लिहिलं त्याने. वाच ना रे इसाउरो, मोठ्याने वाच."

इसाउरो वाचेना. त्याने घाम पुसला आणि वेळ बदलता येते असं काहीतरी पुटपुटला.

"बदलायची नाही," ती म्हणाली. "मला कळू दे. पाया खणताना गुडघाभर पाण्यात उभी राहिले तेव्हा मी कोण होते? छपराचं काँक्रीट ओतताना बावीस माणसांचं जेवण रांधलं, तेव्हा? तेव्हा कुणी वेळ नाही विचारली मला."

"योका, तू आरडाओरडा करणार असशील तर..."

"करणार. माझ्याच हाताने बांधलेल्या घरात मी करणार. मला मालक का नाही लिहिलंस ते सांग. तू तिथे, दार इथे. दारावर कोणी आलं तर तू गाडीतून उघडणार?"

रादामेसने पाव खाली ठेवला. "कारण तू कोणालाही आत घेतेस."

"कोणाला घेतलं?"

"वादळात घेतलंस. दिलेन्या आणि तिची तीन पोरं. पाच आठवडे. माझ्या घराला अजून दारं नव्हती आणि तू धर्मशाळा उघडलीस. मला सांगितलंसुद्धा नाहीस. कुणीतरी टाकलेल्या फोटोत मी पाहिलं, माझ्या गच्चीच्या कठड्यावर चड्ड्या वाळत होत्या."

"आपली चुलत बहीण आहे ती. तिचं छप्पर उडालं होतं."

"विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

तो गाडीच्या काचेबाहेर बघू लागला. हेच, योकास्ताच्या मनात आलं, आणि राग आणखीच चढला. तेव्हापासून हा माणूस मनात ते धरून बसला होता. रोज आशीर्वाद मागत होता, भिंती दाखव म्हणत होता, आणि आत हे साठवत होता.

"आणि कॅमेरे?" दोन्या निन्फाने शेंग सोलता सोलता विचारलं. "माझ्या खोलीत कशाला रे?"

"तू पडलीस तर मला दिसेल, आई."

"दिसून करशील काय?" योकास्ता म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला कळलं की हे जास्त लागलं असणार. अकरा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. तिथे राहण्याचे कागद नव्हते, एकदा निघाला तर त्याला परत आत कोणी घेणार नव्हतं. पण शब्द मागे घ्यायची तिची तयारी नव्हती.

"काही नाही करणार," रादामेस म्हणाला. "बघत बसेन. तू तिथे आहेस योका, तू दार उघडतेस, आईला कॉफी देतेस. मी चार वर्षं त्या घरासाठी लोकांचे संडास धुतले आणि मला त्याचा वाससुद्धा माहीत नाही. निदान एक दार तरी माझ्या हाताने उघडू दे."

"उघड. पण मला पाहुणी करून नाही."

दोन्या निन्फाने सोललेले दाणे बाजूला ठेवले. उठली, टेबलापाशी आली आणि फोन दोन्ही हातांत धरून तोंडाजवळ नेला. तिला वाटे जवळ धरलं की चांगलं ऐकू जातं.

"बाळा, घर तुझं आहे. कोण नाही म्हणतंय? पण खालची जमीन माझी आहे, तुझ्या बापाने माझ्या नावावर केलेली. तुझ्या बहिणीला दहानंतर बाहेर काढायचं असेल तर तुझं घर उचल आणि बॉस्टनला घेऊन जा. आम्ही दोघी पूर्वीसारख्या पत्र्याच्या घरात सुखी राहू."

इसाउरो पाटीकडे बघत राहिला. पलीकडे रादामेसने टोपी काढली, पुन्हा घातली.

"लिहा तिला," तो शेवटी म्हणाला. "योकास्ताला मालक लिहा. आणि दुसरं खोकं द्या. पण पुढच्या दाराला तेवढं फोनचं कुलूप लावा. एकाच. कॅमेरे नकोत."

"आणि साहेब, तुम्ही?"

"मी..." तो थांबला. "पाहुणा लिहा."

इसाउरोने लिहिलं. मग सवयीने विचारलं, "वेळ?"

सगळ्यांनी योकास्ताकडे पाहिलं, कारण आता तिलाच विचारायचं होतं. तिचे कान अजून तापलेले होते. धर्मशाळा हा शब्द ती इतक्यात विसरणार नव्हती, वर्षभर तरी नाही. तिने आईच्या हातातून फोन ओढून घेतला.

"चोवीस तास लिहा," ती इसाउरोला म्हणाली, आणि मग फोनमध्ये, तितक्याच रागाने: "आणि तू ऐक. ज्या दिवशी येशील त्या दिवशी त्या कुलपाला हात लावायचा नाही. बाहेर उभा राहा आणि हाक मार. दार मी उघडीन."