पांढऱ्या गोंड्यांची हिरवळ

“या वेळी वेळेत आणलंत म्हणून निभावलं. पुढच्या वेळी पोचालच, असं धरून चालू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माळीबुवा पलंगाकडे वळले. तिथे त्यांची बायको होती. डोळे सुजून मिटलेले, ओठ जाड झालेले. पायाच्या बोटाला एवढीशी मधमाशी डसली काय, आणि पंधरा मिनिटांत तिचा गळा आवळत आला काय!

मधमाश्या आपण होऊन आल्या नव्हत्या. माळीबुवांनीच त्यांना आवतण दिलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी एका कंपनीची हिरवळ राखली. तिच्यात क्लोव्हर या तीनपानी तणाचं रोप दिसलं, की साहेबांचा पारा चढायचा. मग पाठीवर पंप अडकवून माळीबुवा तणाचं आणि किडीचं औषध एकदमच मारायचे. दुसऱ्या दिवशी गवतात मेलेल्या मधमाश्यांचा सडा पडायचा. तो सडा माळीबुवाच झाडून काढत. घरी कधी बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात घरापुढचं गवत खरवडून क्लोव्हरचं बी फेकलं.

“जन्मभर जे उपटलंत, तेच पेरताय होय?” बायको हसली होती. पण पांढरे गोंडे फुलले, मधमाश्यांची गुणगुण सुरू झाली, तेव्हा सकाळचा चहा घेऊन तीच आधी पायरीवर येऊन बसू लागली.

दवाखान्यातून घरी आल्या आल्या माळीबुवा म्हणाले, “काढून टाकतो सगळं.”

“काही नको. मी आत बसेन.”

“किती दिवस?”

“घरात बसून कुणी मेलंय का? इतक्या वर्षांत एक गोष्ट तुमच्या मनासारखी झालीय. हात लावाल तर बघा!”

आणि ती खरंच आत बसली. खिडक्या बंद. ओले कपडे खोलीतच दोरीवर, त्यांचा कुबट वास घरभर. कुणी विचारलं, तर म्हणायची, “ऊन सोसत नाही हो हल्ली.”

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी माळीबुवांनी अंगणातून सहज मागे पाहिलं. ती डोळे मिटून, बंद काचेला कान लावून उभी होती.

त्यांनी चहा तसाच पायरीवर ठेवला आणि खुरपं घेतलं.

औषध मारलं असतं तर चार दिवसांत काम झालं असतं. पंपाकडे त्यांनी पाहिलंही नाही. क्लोव्हरचे फुटवे जमिनीला चिकटून धावतात, पेरापेराला मूळ धरतात. माळीबुवा उकिडवे बसून एकेक सोडवत राहिले. आतून ती काचेवर बोटं वाजवत होती. “अहो, नका ना! अहो!” त्यांनी मान वर केली नाही. दिवस कलला तेव्हा अंगणात नुसती माती होती, आणि बुवांना सरळ उभं राहता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तशा मधमाश्या नेहमीच्या वेळी आल्या. मातीवर उतरायच्या, उठायच्या, जरा पुढे जाऊन पुन्हा उतरायच्या. दारी पाहुणे यावेत आणि घरात द्यायला घोटभर पाणी नसावं, तसे माळीबुवा खाली मान घालून उभे होते.

मागे कडी वाजली. बायको चपला घालून दारात आली होती.

त्यांनी न वळता हात आडवा केला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “एवढ्या जाऊ देत.”

ती उंबऱ्याच्या आतच थांबली.