मानेवर रेघ ओढलेली कुपी

मी एक कुपी बोलतेय. काचेची, करंगळीएवढी, पोटात पाण्यासारखं दिसणारं थोडंसं औषध. आम्हाला वापरताना सुईणबाई छोट्या करवतीनं आमच्या मानेवर रेघ ओढते, मान मोडते आणि सुई आत घालते. माझ्या मानेवर रेघ आहे. मान मात्र शाबूत आहे. असं का झालं, तेच सांगायचंय.

माझा जन्म कारखान्यातला, पण माझ्या पोटात जे आहे ते मूळचं बाईच्याच अंगातलं. बाळंतपणात तिचं शरीर ते आपणहून तयार करतं. कमी पडलं की आमची आठवण होते. कळा येत नसतील, तर सलाईनमधून थेंब थेंब जाऊन आम्ही कळा आणतो. बाळ झाल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळलं नाही तर रक्त थांबत नाही, तेव्हा तेही आम्हीच आवळतो. आमची अट एकच, आम्हाला थंड ठेवा. ऊब लागली की आमच्यातला जीव हळूहळू जातो. दूध नासलं तर फाटतं तरी. आम्ही मेल्यावरही तशाच नितळ दिसतो.

आम्ही दहा बहिणी एका खोक्यातून बुकोविना नावाच्या परदेशी डोंगराळ मुलखातल्या एका गावी आलो. शहर नदीपलीकडे, गावात मात्र तीन खाटांचं प्रसूतिगृह होतं. झाम्फिरामावशी तिथली सुईण. एकतीस वर्षांत तिच्या हातून एकही आई गेली नव्हती, आणि हे ती दर रविवारी चर्चच्या पायरीवर कुणाला ना कुणाला ऐकवायची. मला तिचा तो तोरा आवडायचा. काम चोख होतं, मग मिरवलं तर बिघडलं काय?

त्या गावात सुईणीकडे रिकाम्या हातानं जात नाहीत. ईस्टर आला की ज्यांच्या घरी बाळं झाली ती घरं आणि ज्यांच्या घरी व्हायची ती घरंसुद्धा काही ना काही घेऊन यायची. लाल रंगवलेली अंडी, चीज भरलेला गोड पाव, कोकराचं मांस. फ्रिज एकच, आणि तो आमचा.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी तोआदेर मेंढपाळ आला. त्याची बायको साफ्ता पहिलटकरीण, महिन्याभरात बाळंत व्हायची होती. त्याच्या खांद्यावर अख्खं सोललेलं कोकरू होतं.

"अरे, बायको बाळंत व्हायचीय की माझं लग्न लावतोयस?" मावशी म्हणाली. "एवढं ठेवू कुठे मी?"

"नाही म्हणू नका, मावशी. परत नेलं तर साफ्ता मला घरात घेणार नाही."

"बायकोला एवढा भितोस? मग छान आहे, संसार नीट होईल."

तिनं फ्रिज उघडला. अंडी, पाव, चीज. मधल्या कप्प्यात आम्ही. तिनं आमचं खोकं उचललं आणि खोलीतल्या फळीवर ठेवलं. फळीखाली फरशा लावलेली उंच भट्टी होती. बाळंतिणींना गारठा नको म्हणून मे महिना सरेपर्यंत तिच्यात लाकडं जळत.

"मावशी, त्यावर थंड ठेवा म्हणून लिहिलंय," फरशी पुसणारी लेओन्तिना म्हणाली.

"सणापुरतं गं! औषधाला काय भूक लागते?"

सण झाला. मग संत जॉर्जचा दिवस आला, नवं चीज आलं. फ्रिज रिकामा होईना आणि आमची आठवण कुणाला होईना. दिवसभर खालून झळ यायची. मी ओरडले असते, पण काचेला तोंड कुठलं?

चार आठवड्यांनी साफ्ता आली. दोन दिवसांच्या पावसानं नदीवरचा पूल वाहून गेला होता. शहरातली रुग्णवाहिका पलीकडच्या काठावर येऊन थांबली होती. साफ्ताच्या कळा सकाळपासून मंदावल्या. मावशीनं माझ्या एका बहिणीला सलाईनमध्ये घातलं. काही फरक पडला नाही.

"पहिलटकरीण आहेस, वेळ लागतोच," मावशी म्हणाली.

"आमचं कोकरू पचलं का, मावशी?" साफ्तानं विचारलं. घामानं भिजली होती, तरी हसत होती.

"पचलं तर! तुझं लेकरू मात्र आळशी दिसतंय."

दुपारी मुलगी झाली. चांगली रडली. वार पडली. मावशीनं ओटीपोटावर हात ठेवला आणि तिचं हसू गेलं. गर्भाशय भिजल्या कणकेसारखं मऊ होतं. रक्त वाहत होतं.

एक बहीण गेली. मग दुसरी, तिसरी. मावशी दोन्ही हातांनी दाबत होती आणि लेओन्तिना माना मोडून सुया भरत होती. साफ्ताला नदीतून पलीकडे नेता येईल म्हणून तोआदेर घोडागाडी आणायला धावला होता. माझ्या सगळ्या बहिणी रिकाम्या झाल्या. कुणात काही उरलंच नव्हतं.

शेवटी मावशीनं स्वतः मला उचललं, रेघ ओढली आणि थबकली. मी तिच्या तळहाताला गरम लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, खालच्या भट्टीकडे पाहिलं. तेवढ्यात लेओन्तिना हळूच म्हणाली, "मावशी, गेली ती."

बाहेर घोडागाडी येऊन थांबल्याचा आवाज आला.

लेओन्तिनाच्या तोंडात एरवी तीळ भिजत नाही. या गोष्टीबद्दल ती आजवर एक शब्द बोललेली नाही. मावशी चर्चच्या पायरीवर बसायची थांबली. तिनं फ्रिज रिकामा करून धुतला आणि मधल्या कप्प्यात मला एकटीला ठेवलं. नवी खोकी आली, ती माझ्या मागे.

चाळिसाव्या दिवशी तोआदेर आला. मृताच्या नावानं वाटायचं कोलिवा, उकडलेल्या गव्हाचं साखरपेरलं गोड, आणि त्यावर मेणबत्ती. ते नाकारायचं नसतं. नाकारलं तर गेलेलं माणूस उपाशी राहतं.

"फ्रिजमध्ये ठेवा, मावशी," तो म्हणाला. "उकाडा आहे, आंबेल."

मावशीनं फ्रिजचं दार उघडलं. मी तिचा चेहरा पाहिला. आज ती सांगणार होती. कित्येक दिवस ती माझ्यासमोर तेच वाक्य पुटपुटत होती.

"तोआदेर, त्या शनिवारी तू कोकरू आणलंस ना..."

"साफ्तानंच निवडलं होतं ते," तो म्हणाला. "सगळ्या कळपात हिंडली, एवढं पोट घेऊन. म्हणाली, मावशीला सगळ्यात चांगलं द्यायचं."

मावशीनं शब्द गिळला. सांगितलं असतं तर अर्धं ओझं त्याच्या खांद्यावर गेलं असतं, ज्या खांद्यावरून त्यानं ते कोकरू आणलं होतं. न सांगून तिनं बरोबर केलं की चूक, मला आजही ठरवता येत नाही.

तिनं फ्रिजचं दार लावलं. "हे आत्ताच खाते," म्हणाली आणि त्याच्यासमोर बसून शेवटच्या दाण्यापर्यंत ते गोड खाल्लं. साफ्ता उपाशी राहू नये म्हणून.

आता मी इथे आहे. हवी तेवढी थंडी आहे, आणि तिचा मला काही उपयोग नाही. दार उघडलं की मावशीला आधी मी दिसते. ती रोज माझ्या मानेवरच्या रेघेवरून बोट फिरवते आणि मागच्या खोक्यातली माझी जिवंत बहीण घेऊन जाते.

तुमच्या गावातल्या दवाखान्यातही असा एखादा फ्रिज असेल. त्यात खाऊ ठेवायला जागा मागू नका. देणाऱ्यानं प्रेमानं दिलं असलं तरी मागू नका.