आठ दिवस उपाशी

जरा लांबूनच बघा, हात लावलात तर चिकटाल. मी टोमॅटोच्या जाळीघरात टांगलेला सापळा बोलतोय. माझं रूप साधंच. वर पुठ्ठ्याचं छप्पर, खाली चिकट तळ आणि मधे रबराची इवली गोळी. तिला पतंगाच्या मादीचा वास. माणसाच्या नाकाला तो कळत नाही, पण नर पतंग धावत येतो आणि चिकटतो.

हे जाळीघर सूनबाईंनी हट्टानं उभारलं. समुद्रापलीकडून आलेल्या पतंगाच्या अळ्यांनी गेल्या हंगामात शेजारचं सगळं पीक पोखरलं होतं. इथं तो शिरलेला उशिरा कळला, तर झाडं उपटण्यावाचून गत्यंतर नव्हतं. म्हणून मला आणलं.

मला टांगायचं काम त्यांच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, अंगावर घेतलं. सोबतचा कागद वाचणं तात्यांना कमीपणाचं वाटतं. गोळी पडू नये म्हणून त्यांनी ती कामाच्या सदऱ्याच्या खिशात टाकली, मला दिमाखात टांगलं आणि गोळी साफ विसरले.

आठ दिवस मी उपाशी. तात्या रोज डोकावून सांगत, एकही पतंग नाही, काळजी नको. मला मेल्याहून मेल्यासारखं होई, कारण पतंग माझ्या नाकासमोरून तात्यांच्या मागे जात होते.

नवव्या दिवशी सकाळी सूनबाई लागूनच्या खोलीत क्रेट आणायला गेल्या. खुंटीवरच्या सदऱ्याभोवती करडे पतंग घिरट्या घालत होते. सूनबाईंनी खिसा चाचपला आणि गोळी तात्यांपुढे धरली.

तात्यांनी गोळी उलटून पालटून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे सापळा मीच झालो की गं."

गोळी माझ्या पोटात आली आणि एका दिवसात मी एकोणचाळीस पतंग धरले. मग सगळे कामाला जुंपले. दाराजवळची फाटकी जाळी शिवली, पोखरलेली पानं तोडून पिशव्यांत बंद केली, माझी बारा भावंडं टांगली, पतंगाची अंडी संपवणारे चिमुकले मित्रकीटक सोडले. गुडघे कुरकुरत असतानाही तात्यांनी एक ओळ सोडली नाही. पुढं माझ्या तळावर दोन आले, मग एक, मग एकही नाही. एकही झाड उपटावं लागलं नाही, आणि सूनबाईंनी बिनभोकाचे लालबुंद टोमॅटो क्रेट भरभरून काढले. त्या दिवशी माझी छाती पुठ्ठ्यात मावेना.

आता माझ्या चिकट तळावर धूळ बसलीय, माझ्या जागी नवा सापळा यायची वेळ झाली. शेजारचे लोक बघायला येतात. सूनबाई काही बोलत नाहीत. सदऱ्याची गोष्ट तात्या स्वतःच सांगतात, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवतात.

"आधी याच्या पोटात गोळी आहे का बघा. मगच पतंग नाहीत म्हणा."