सहा मीटरवरची लेक

चष्मेवाल्याच्या घरी मुलगी जन्मली, त्याला आज सतरा दिवस झाले. पहिले चौदा दिवस बाप हवेत तरंगत होता. पंधराव्या दिवशी त्याने एक उद्योग करून ठेवला आणि तेव्हापासून त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नाव अजून ठरायचं होतं. तोवर गुबगुबीत गालांमुळे ती ठमी. त्या दिवशी बायको अंघोळीला गेलेली पाहून त्याने ठमीचं तोंड गजांच्या पाळण्यात दाराकडे वळवलं आणि पावलं मोजत थेट स्वयंपाकघराच्या टोकाला जाऊन उभा राहिला. वीस वर्षं तो गिऱ्हाइकांची नजर सहा मीटरवरून तपासत आला होता. पोटची पोर झाली म्हणून काय नियम मोडायचा? तिथून त्याने चष्म्याची लाल डबी हलवली. मग टॉवेल हलवला. मग स्वतःच हातवारे करत नाचला. ठमी कुठेतरी भलतीकडेच बघत होती. त्यातच तिचा एक डोळा नाकाकडे वळला आणि दुसरा होता तिथेच राहिला, तेव्हा मात्र त्याचा नाच तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मुलीला दिसत नाही, हे त्याने मनाशी जवळजवळ ठरवूनच टाकलं. बायकोला सांगायची हिंमत होईना. दुकानात त्याने एका बाईंच्या नाकावर दुसऱ्याच कुणाचा चष्मा चढवला आणि वर "छान दिसतोय" म्हणून त्यांना वाटेलाही लावलं.

त्या दुपारी नर्सबाई ठमीचं वजन करायला घरी आल्या. मोठ्या खटपटी आणि तोंडाने फटकळ. त्यांनी ठमीला काट्यावर ठेवलं, तसे तिने दोन्ही हात झटकन बाहेर फेकले.

"हे काय झालं हिला?" चष्मेवाला ओरडला.

"काही नाही हो, दचकली. पडतोय असं वाटलं की या वयाची बाळं हात फेकतात. तुम्ही तिच्यापेक्षा जास्त दचकलात!"

"दोन दिवस नीट जेवतही नाहीयेत हे," बायको लंगोट घडी करता करता म्हणाली.

मग मात्र त्याचा बांध फुटला. "तिला मी दिसत नाही. सहा मीटरवरून तीनदा तपासली."

बायकोच्या हातातला लंगोट तसाच राहिला. नर्सबाईंना मात्र हसू आवरेना.

"सहा मीटर? अक्षरंसुद्धा वाचायला लावलीत की काय? अहो, हिला सध्या वीतभर लांबचं दिसतं, फार तर थोडं पुढचं. दूध पिताना आईचा चेहरा असतो ना, तेवढं. त्याच्या पलीकडे सगळं धूसर. आणि डोळे अधूनमधून तिरपे होणारच, दोघांची जोडी अजून जमायचीय."

"तीन दिवस एकटेच घाबरत बसलात?" बायको म्हणाली. रागवायचं होतं तिला, पण आवाज भलताच मऊ आला.

"आत्ता तिचं पोट भरलंय, झोपही नाहीये. जा जवळ," नर्सबाईंनी फर्मावलं.

तो पाळण्यावर वाकला. ठमीची नजर इकडेतिकडे भटकली आणि त्याच्या चष्म्याच्या जाड काळ्या कडेवर येऊन बसली.

"गडद कडा आवडतात त्यांना," नर्सबाई म्हणाल्या.

"म्हणजे माल बघतेय, दुकानदाराला नाही," तो खट्टू होऊन म्हणाला आणि त्याने चष्मा काढला.

त्याचा लांबचा नंबर, उणे साडेचार. चष्मा उतरला तशी खिडकी गेली, नर्सबाई गेल्या, बायकोसुद्धा पुसट झाली. राहिला तो ठमीचा चेहरा तेवढा, अगदी पापण्यांसकट स्वच्छ. तिची नजर त्याच्या केसांच्या रेषेवर चढली, तिथून सावकाश खाली उतरली आणि त्याच्या डोळ्यांवर थांबली. त्याने मान जराशी डावीकडे नेली. तीही नजरेने मागोमाग आली.

"अहो, चष्मा घाला ना," बायको म्हणाली, "काही दिसत नसेल तुम्हाला."

"थांब गं," तो म्हणाला. "आम्हा दोघांना सध्या एवढंच दिसतंय."